हातचा न लागलेली संख्या

एकं, दहं, शतं ही शाळेत घोकलेली माळ परार्धापर्यंत जाते. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त तिची अठरा स्थानं आहेत. आपला व्यवहार त्यांतल्या कोटीपाशी थांबतो, अर्थसंकल्पाच्या दिवशी फार तर अब्जाला हात लागतो. पुढची खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य ही नावं पाठांतरापुरतीच जगली. ती एकदा तरी खरोखर वापरावीत असं मला ज्या संख्येमुळे वाटलं, ती ही:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक, म्हणजे परार्धाच्या एक पायरी अलीकडे. ती मोठ्यानं वाचून पाहा. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ दशकोटी. इथे श्वास घ्यायचा आणि उतरायला लागायचं: आठ कोटी, सात दशलक्ष, सहा लक्ष, पाच दशसहस्र, चार सहस्र, तीन शतं, दोन दहं, एक एकं. प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव असल्यामुळे प्रत्येक अंकाला आपापली पायरी मिळते. आणि सुरुवातीच्या स्थानाचं नाव ‘मध्य’ असताना संख्येचा खरा मध्य मात्र दशकोटीच्या घरात, नवावर आहे, हा एक छोटा विनोद फुकटात मिळतो.

हीच संख्या आजच्या पद्धतीनं स्वल्पविराम देऊन लिहिली तर तिची रया जाते. १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ यात शिखरावरचा नऊ आठाबरोबर अठ्ठ्याण्णवात कोंबला जातो. तीन-तीनच्या विलायती गटांतही तो मधोमध येत नाही. स्वल्पविराम हिशेबनिसासाठी असतात, ही संख्या त्यांच्याशिवायच वाचायची.

पहिलं सुख अर्थातच उलटसुलट सारखं असण्याचं. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असतं आणि आपण ते बोटानं उलट वाचून खात्री करून घेतलेली असते. पण अशा वाक्यांत अर्थाला जरा मुरड घालावी लागते. रामाला भाला का मारायचा, हे कुणी विचारत नाही. संख्येला असली ओढाताण करावी लागत नाही. शिवाय उलटसुलट सारख्या असणाऱ्या सतरा अंकी संख्या नव्वद कोटी आहेत, तेवढ्यावर भाळायचं तर कुठल्याही एकीवर भाळता येईल. हिचं वेगळेपण असं, की ती एका फार साध्या गोष्टीचा वर्ग आहे. नऊ एके ओळीनं लिहा, १११११११११, आणि त्या संख्येला तिनंच गुणा.

हा गुणाकार चौकटींच्या वहीत करण्यातच मजा आहे. गुणक सगळा एकांचाच, त्यामुळे पाढ्याची गरजच नाही. नऊ वेळा तीच ओळ उतरवायची, दर खेपेला एक घर डावीकडे सरकवून. नऊ ओळी झाल्या की डावीकडे कललेला एक पट्टा तयार होतो आणि मग बेरीज उभ्या रकान्यांची. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक, पुढच्यात दोन, त्यापुढच्यात तीन. मधल्या रकान्यात पूर्ण नऊ, आणि मग डावीकडे पुन्हा आठ, सात, सहा. बेरीज म्हणजे नुसती मोजणी. याच वाटेवरच्या धाकट्या बहिणी सर्वांना ठाऊक असतात: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१.

माझ्या मते या संख्येचं सगळं सौंदर्य न घडलेल्या एका गोष्टीत आहे. सतरा रकान्यांची बेरीज झाली आणि एकदाही हातचा लागला नाही. आपल्या दशमान पद्धतीत एका घरात मावतात नऊ. दहावा आला की घर रिकामं करून एकाला शेजारी धाडावं लागतं. इथे मधला रकाना अगदी नवापर्यंत येऊन थांबतो. काठोकाठ, पण सांडलेलं काही नाही. हातचा लागला की गुणाकाराची कहाणी पुसली जाते, कुठला अंक कुठून आला ते उत्तरावरून कळत नाही. इथे प्रत्येक अंक आपल्या रकान्यात किती एके होते ते जसंच्या तसं सांगतो. उत्तरातच पूर्ण रीत दिसते.

म्हणून हिच्या अंकांची बेरीज वेगळी करावी लागत नाही. नऊ ओळींत नऊ-नऊ एके होते, म्हणजे एकूण ८१, आणि एकही हरवलेला नाही. मग अंकांची बेरीज ८१ असणारच. ज्यांना रकाने मांडायचा कंटाळा आहे त्यांनी सुडोकूचा चौकोन घ्यावा. नऊ गुणिले नऊ, ८१ घरं. तो कोपऱ्यावर उभा धरा, शंकरपाळ्यासारखा, आणि आडव्या रांगांतली घरं वरून खाली मोजा. एक, दोन, तीन, असं करत मधल्या रांगेत नऊ आणि खाली पुन्हा एकापर्यंत. १ पासून ९ पर्यंत चढून परत १ पर्यंत केलेली बेरीज ९ चा वर्ग का, याला इतकं लखलखीत दुसरं उत्तर मला माहीत नाही.

आता या ८१ नं मूळ संख्येला भागून पाहा. भाग नि:शेष जातो. जी संख्या स्वतःच्याच अंकांच्या बेरजेनं भागली जाते तिला ‘हर्षद’ म्हणतात. हर्ष देणारी. हे नाव ठेवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, आणि त्यांच्याशिवाय या संख्येचं रसग्रहण पुरं होणार नाही. कारण तिच्या कुळालाही नाव त्यांनीच दिलं आहे.

कापरेकरांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. तिथे असतानाच, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीला शाळेत शिकवलं. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात खोली नाही. जे सुचलं ते लहान पुस्तिका काढून, बऱ्याचदा पदरमोड करून छापायचं. सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर या त्यांच्या स्थिरांकाची आज जगभर ओळख आहे, पण तो इथला विषय नाही. इथला विषय ‘डेम्लो संख्या’. जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर असलेल्या स्टेशनात त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून स्टेशनाचं नाव संख्येला. ते डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. गणितात लोक आपल्या गुरूचं, राजाचं, फार तर स्वतःचं नाव देतात. लोकलची वाट पाहताना सुचलेल्या गोष्टीला फलाटाचं नाव देणारा माणूस मला तरी दुसरा ठाऊक नाही.

डेम्लो संख्येची घडण अशी: दोन टोकांची बेरीज केली की पोटातला अंक हाती यावा. २५५३ घ्या, दोन आणि तीन मिळून पाच. ४७७७३ घ्या, चार आणि तीन मिळून सात. पहिली म्हणजे २३ गुणिले १११, दुसरी ४३ गुणिले ११११, म्हणजे इथेही सरकत्या ओळीच. १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात कापरेकरांनी ज्यांना ‘अद्भुत’ डेम्लो म्हटलं त्या आपल्या १, १२१, १२३२१ या घराण्यातल्या. त्यांची टोकं तपासू. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३, पोटात ३. १२३४३२१ मध्ये १२३ आणि ३२१ मिळून ४४४, पोटात ४. आणि आपल्या संख्येत १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९, पोटात ९. डावी बाजू जितकी चढते तितकीच उजवी उतरते, म्हणून प्रत्येक घरात दोघींची बेरीज नऊच. इथेसुद्धा हातचा नाही.

अजून एक नातं याच घरातलं. आपल्या संख्येला ८१ नं गुणा. नऊ एकांचे नऊ नव्वे होतात, आणि ९९९९९९९९९ चा वर्ग येतो ९९९९९९९९८००००००००१. या वर्गाचे मधून दोन तुकडे करा, ९९९९९९९९८ आणि १, आणि त्यांची बेरीज घ्या. परत ९९९९९९९९९. आपल्या वर्गाचे तुकडे जोडून आपणच परत उभी राहणारी संख्या म्हणजे ‘कापरेकर संख्या’. ४५ ही त्यांतली सगळ्यांना आवडणारी: वर्ग २०२५, आणि वीस अधिक पंचवीस पंचेचाळीस. तर हर्षद, डेम्लो आणि कापरेकर संख्या, अशी या एकाच गृहस्थाची तीन अपत्यं या सतरा अंकांच्या अंगणात भेटतात. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला देवळालीचे हे मास्तर कळले. इथल्या अनेक विद्वानांना तोवर, आणि नंतरही, हे सारं पोरखेळ वाटत होतं.

पोरखेळ असेल तर तो जुना आहे. राष्ट्रकूटांच्या अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्य या जैन गणितीनं ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात गुणाकाराची काही उदाहरणं निव्वळ उत्तराच्या देखणेपणासाठी रचली आहेत. १५२२०७ ला ७३ नं गुणलं की आठ एके मिळतात. २७९९४६८१ ला ४४१ नं गुणलं की १२३४५६५४३२१. या दुसऱ्या संख्येचं वर्णनच तिथे असं येतं, की एकापासून सहापर्यंत जाऊन क्रमानं कमी होत येणारी. अशा उत्तरांना त्यांनी दिलेलं नाव कंठिका. गळ्यातला दागिना. मधला मणी मोठा, दोन्हीकडे लहान होत गेलेले. कापरेकरांनी फलाटाचं नाव दिलं, महावीराचार्यांनी अलंकाराचं, मणी तेच. आणि महावीराचार्यांची लबाडी बघा: ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा. २१ आणि ५२९१ चा गुणाकार सहा एके. वर्गाची गोष्ट त्यांनी दोन वर्गांत फोडून लपवून ठेवली.

तीच युक्ती आपल्या संख्येवर चालवू. नऊ एकांना ९ नं भागलं की १२३४५६७९ येतात. म्हणजे आपली संख्या ९ चा वर्ग गुणिले १२३४५६७९ चा वर्ग. ८१ नं भागून उरते ती १५२४१५७८९९७१०४१, आणि तीही पूर्ण वर्ग. पण थांबा, १२३४५६७९ परत वाचा. एक ते नऊ सगळे ओळीनं उभे आहेत, आठ नाही. ज्या संख्येत आठ दोनदा मिरवतो तिच्या पोटात आठ गायब. हे कोडं आत्ताच सोडवत नाही.

अजून फोडलं तर १२३४५६७९ म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७. दोन्ही मूळ संख्या, पुढे वाट बंद. म्हणून आपल्या संख्येचे मूळ अवयव फक्त तीन: तीन चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. विभाजक पंचेचाळीस. यांतल्या ३३३६६७ ला एक मान आहे. एकाला तिनं भागलं तर दशांश चिन्हापुढे ०००००२९९७ हा नऊ अंकी तुकडाच पुनःपुन्हा येत राहतो, आणि नेमक्या नऊ अंकांनी फेर धरणारी मूळ संख्या ही एकटीच. ३७ चा फेर तीन अंकांचा. नऊ एके म्हणजे १११ गुणिले १००१००१ हे एकदा दिसलं की कुठून कोण आलं ते कळतं: तीन एकांच्या चौकटीतून ३७ निघाली, तीन-तीन घरांच्या अंतरानं ठेवलेल्या एकांतून ३३३६६७.

आता हार्डीसाहेबांचा आक्षेप. रामानुजनांना केंब्रिजला बोलावणारे जी. एच. हार्डी. १९४० च्या ‘ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात त्यांनी ८७१२ आणि ९८०१ यांचा दाखला दिला आहे. चार अंकी संख्यांत आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत असणाऱ्या या दोनच: ८७१२ ही २१७८ च्या चौपट, ९८०१ ही १०८९ च्या नऊपट. वर्तमानपत्रातल्या कोड्यांना हे ठीक, गणितीला यात भावण्यासारखं काही नाही, असा त्यांचा निवाडा. कारण ही करामत संख्येची नाही, ती दहाच्या पायात लिहिण्याची आहे, आणि तिच्यातून पुढे कुठे जाताही येत नाही. हा निवाडा मला बराचसा पटतो. गणिताच्या चमत्कारांचे जे तक्ते रविवारच्या पुरवण्यांत येतात त्यांतले निम्मे असेच असतात, एकदा ‘वा’ म्हटलं की संपले.

पण आपल्या संख्येला तो लागू करताना मी अडखळतो. दहाचा पाया सोडून सोळाचा घ्या. तिथेही नऊ एकांचा वर्ग करा, आणि तिथेही १२३४५६७८९८७६५४३२१ असेच अंक उमटतात. किंमत वेगळी, चेहरा तोच. बाराच्या पायात तेच, शंभराच्या पायात तेच. दहा किंवा त्याहून मोठा कुठलाही पाया घ्या, फरक नाही, कारण रकाने मोजायला पाया लागतच नाही, तो लागतो हातचा आला तरच. बीजगणिताच्या भाषेत ही एक बहुपदी आहे: एक, क्ष, क्षवर्ग असं क्षच्या आठव्या घातापर्यंतच्या बेरजेचा वर्ग. आपली संख्या म्हणजे त्या बहुपदीत क्षच्या जागी दहा. क्षच्या जागी एक ठेवा, ८१ येतात, म्हणजे मघाची अंकांची बेरीज. शंभर ठेवा, १०२०३०४०५०६०७०८०९०८०७०६०५०४०३०२०१ येतात, मणी तेच, मध्ये शून्याची गाठ. उणे एक ठेवा, १ येतो, आणि त्यावरून बसल्याजागी कळतं की आपल्या संख्येला ११ नं भागलं तर बाकी १ उरणार. हार्डींच्या ८७१२ ला असला विस्तार त्यांनी तरी पाहिला नव्हता. दहाचा पाया या संख्येबद्दल एकच गोष्ट ठरवतो: ती आपल्या कुळातली शेवटची आहे. आठाच्या पायात हे कुळ सात एकांपाशीच संपेल, सोळाच्या पायात पंधरा एकांपर्यंत चालेल. आपल्याकडे नऊ. हा मान मात्र बहुधा आपल्या दहा बोटांचा.

हे सगळं ताडून पाहायला मी संगणकावरच्या हिशेबाच्या तक्त्यात ही संख्या टाकली तर तो १२३४५६७८९८७६५४३०० दाखवू लागला. शेवटचे २१ गिळले. त्याला पंधरा अंकांपलीकडचं धड सांभाळता येत नाही. नेहमीच्या संगणकी आकडेमोडीत दुसराही घोटाळा होतो: एवढ्या आकाराच्या संख्या चौसष्ट बिटांत ठेवताना फक्त समच नेमक्या बसतात, आणि आपली विषम, म्हणून तिच्या शेवटच्या एकाचं शून्य होतं. आठ घरांचा साधा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर तर १.२३४५६७९ असं लिहून दहाचा घात बाजूला मांडतो. पुढच्या ९८ मुळे आठाचा नऊ झाला, आणि आठ इथेही गेला! ही जागा कागदाची आहे. यंत्राला घाई असते, त्याला शिखर दिसलं की उतरण गाळावीशी वाटते.

म्हणून कागदावरच, चौकटींच्या वहीत, शेवटचा प्रयोग. नऊ ओळींच्या खाली दहावी ओळ काढा आणि प्रत्येक ओळीत एक एक वाढवा. दहा एकांचा वर्ग. रकान्यांत आता १ ते १० आणि परत १ पर्यंत एके आहेत. सुडोकूचा शंकरपाळा असता तर काही बिघडलं नसतं, बेरीज शंभर आली असती. पण लिहायला बसलं की मधल्या रकान्यात दहा भरतात. घर रिकामं होतं, शून्य उरतं, हातचा एक डावीकडे. डावीकडे नऊ आधीच काठोकाठ होते, त्यांचे दहा झाले, तिथेही शून्य, हातचा एक आणखी डावीकडे. तिथे आठ होता, त्याचा नऊ झाला, आणि गडबड मिटली. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. शिखराच्या जागी दोन शून्यं, आणि डाव्या बाजूला तीच ओळखीची आकृती, १२३४५६७९. आठ असा जातो: त्याला कुणी काढलेला नसतो, हातच्यानं त्याचा नऊ केलेला असतो. एकाला ८१ नं भागलं तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असे जे अंक धावत सुटतात त्यांतही हेच झालेलं आहे. तिथेही एक, दोन, तीन असे रकाने भरत येतात, दहा पोचतात, नऊ कोसळतो आणि आठ त्याच्या जागी चढतो.

उजवी उतरण मात्र नवापासून एकापर्यंत जशीच्या तशी आहे, आठासकट. हातचा नेहमी डावीकडेच जातो.